कच्च्या हाडाची घोडी

सर, मी तुमच्या अकरावीच्या वर्गातली, तिसऱ्या बाकावरची, मिरजेच्या तंबोरेवाल्याची मुलगी. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, असं आई सांगायची. आईचं सगळं ऐकलं, एवढं एक ऐकणार नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई सुरू होऊन दहा दिवस झालेत आणि तुम्ही भूगोलाचं पुस्तक मिटून फळ्यावर नकाशा काढताय. अमेरिकेचं आरमार निळ्या खडूनं, रशिया लाल, चीन पिवळा. कोण कुणाच्या पाठीशी आहे ते बाण काढून दाखवताय. तुमचे बाण सुरेख यायचे, ते मी नाकारत नाही. मग खडू खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "ज्यांचं कुणी पलीकडे आहे, त्यांनी उभं राहावं." माझी आत्या फाळणीआधी लग्न होऊन कराचीला गेलेली. तिला मी पाहिलेलंही नव्हतं. तरी उभी राहिले, कारण तुमच्यासमोर खोटं बोलायची सवय नव्हती. तास संपेपर्यंत तुम्ही मला बस म्हणाला नाहीत.

तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं, हे तुम्ही विचारलंत का कधी? अब्बा रेडिओला कान लावून ढाक्याच्या बातम्या ऐकत होते आणि पाकिस्तानच्या सत्तेवाल्यांना शिव्या देत होते. "धर्माचं नाव घ्येत्यात आन् आपल्याच मान्सांस्नी मारत्यात," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. आमच्या बोळातला एकजण पलीकडचं रेडिओ स्टेशन मोठ्यानं लावून बसला, तर त्याला त्यांनी पायरीवरून हाकलून दिलं होतं. पण तुमच्या नकाशात अशा माणसाला जागा नव्हती. तिथं फक्त तीन रंग होते.

आता छपराचं सांगते. तंबोऱ्याचे भोपळे आम्ही छपरावर दोन खांबांना तार ताणून तिच्यावर टांगायचो, महिनोन् महिने वाळायला. गिऱ्हाईक वर यायचं, बोटांनी टकटक वाजवून आपला भोपळा निवडायचं आणि खुणेचा दोरा बांधायचं. तुम्हीही आला होतात, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. घामानं सदरा भिजेतो तुम्ही एकेक भोपळा वाजवत होतात आणि अब्बा कौतुकानं म्हणत होते, "सरांचा कान लय पक्का हाय." पिवळा दोरा तुम्ही तुमच्या हातानं बांधलात. तुमचा तंबोरा त्याच भोपळ्याचा झाला, दसऱ्याला घेऊन गेलात. त्या तारेला तुमचा हात लागला होता, सर.

नकाशाच्या त्या तासानंतर दोनच दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, ब्लॅकआउटवर नजर ठेवणारं मंडळ आमच्या दारात आलं. तुम्ही त्याचे प्रमुख, दंडाला पट्टी. कुणीतरी ओरडलं, "छपरावर वायरलेसची तार हाय! कराचीला बातम्या धाडतोय ह्यो!" अब्बा बाहेर आले, हात पुसत, घाबरलेसुद्धा नव्हते. तुम्हाला बघून त्यांना धीर आला होता. "आवं सर, तुमीच सांगा की ह्यास्नी. भोपळ्याची तार हाय ती. तुमास्नी ठावं हाय."

तुम्ही जमिनीकडे बघत राहिलात. तेवढ्यात एका दांडग्या पोरानं अब्बांच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की ते उंबऱ्यावर पडले. तार तोडली गेली, भोपळे रस्त्यावर फुटले. तुमचा धाकटा भाऊ सीमेवर होता, उंब्रजला तुमची आई देव पाण्यात घालून बसली होती, हे मला नंतर कळलं. कळलं म्हणून राग रतीभरही कमी झाला नाही. भाऊ सीमेवर असला की माणसाची जीभ झडते का?

अब्बांचा डावा कान त्या दिवशी गेला. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिची पाठ केसाकेसानं घासून तारेचा आवाज खुला करायचा, ही जवारी. ती डोळ्यानं होत नाही, कानानंच होते. तेव्हापासून माजघरात बसून जवारी मी काढायला लागले. बाईमाणसाच्या हातची जवारी कुणी घेतली नसती, म्हणून नाव अब्बांचंच राहिलं.

दोन वर्षांनी तुम्ही आलात. लाज नावाची गोष्ट नसल्यासारखे, तंबोरा खांद्याला लावून. सांगलीला सकाळच्या सभेत तुमचं गाणं ठरलं होतं, आयुष्यातलं पहिलं, म्हणून नवी घोडी बसवून जवारी काढून हवी होती. अब्बांनी तुम्हाला चहा पाजला. आत येऊन मला म्हणाले, "सरांचं काम हाय, जीव वतून कर." मी खरंच जीव ओतला. पेटीत एक कच्चं हाड पडून होतं, पुरतं न मुरलेलं. त्याची घोडी केली, घासून अशी चकचकीत केली की अस्सल वाटावी. नव्या घोडीवर तंबोरा तासभर गोड बोलतो. मग तारा हाडात रुतायला लागतात आणि आवाज बसत जातो. तुम्ही दुकानात वाजवून पाहिलात आणि तुमचे डोळे भरून आले.

मी सभेला आले होते. बायकांच्या बाजूला, खांबाआड. पाऊण तास तुम्ही छान गायलात. मग तंबोरा मुका व्हायला लागला. तुम्ही थांबून जुळवलात, पुन्हा थांबलात, पुन्हा. तुमचा सूर खाली सरकला, लोक खोकायला लागले, पुढच्या रांगेतला एकजण उठून गेला. तुम्ही हात जोडून उतरलात आणि मला इतका आनंद झाला की परतताना गाडीत मी एकटीच हसत होते. पुन्हा तुम्ही कधी गायला बसला नाहीत.

गोष्ट इथं संपली असती तर हे पत्र लिहिलंच नसतं. तुम्ही तंबोरा परत आणलात. अब्बांनी घोडीवरून एकदा अंगठा फिरवला आणि त्यांना कळलं. माजघराच्या दाराकडे त्यांनी बघितलं. मग तुमच्या पायांना हात लावायला वाकले. "सर, माझी चूक. कान ऱ्हायला न्हाई आता. माफी करा." तुम्ही त्यांना उठवलंत, मिठी मारलीत, मोठ्या मनानं माफ केलंत. आणि सांगलीभर सांगत सुटलात की म्हातारा बिचारा बहिरा झाला, त्याच्याकडे वाद्य देऊ नका. सहा महिन्यांत दुकान बंद झालं. अब्बा पुढं अकरा वर्षं जगले, पण माझ्या हातात कानस पुन्हा कधी दिली नाही.

तुमच्या त्या माफीचा मला तुमच्या गप्प बसण्यापेक्षा जास्त संताप येतो. तुम्ही त्यांना माफ करणारे कोण? आजही तुम्ही तंबोरा घेऊन आलात तर मी तीच घोडी बसवीन, हे पत्त्याविना पडून राहणाऱ्या कागदावर लिहून ठेवते. फक्त एक आहे. अब्बा तुमच्या पायांशी वाकले, तेव्हा मी दारामागं उभी होते. पुढं यायला दोन पावलं लागली असती. मी जमिनीकडे बघत राहिले.