गाठीची तार

अण्णा, परवा तुमच्या जीपला मी फॉग लॅम्प बसवले. धाकट्या भावाने ही जीप भंगारात काढायची ठरवली तेव्हा मी मागून घेतली होती. थंडीत सकाळी परतूरकडे कॉलेजला शिकवायला जाताना रस्ता दिसत नाही, पुढे चाललेली उसाची ट्रॉली अगदी अंगावर आल्यावर कळते. जुन्या जालन्यातल्या एका दुकानात एलईडी दिव्यांची जोडी मिळाली. खोक्यात दोन दिवे, पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रूची पुडी. कागद नव्हता. कुठली तार कुठे जोडायची हे लिहिलेलं काही आहे का, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, मिस्त्री कधी कागद वाचतो का? कोणाकडंबी न्या, बराबर बसवून देतो." मी म्हटलं, मीच बसवणार आहे. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दिव्यांकडे. "मंग वॉरंटीचं मला विचारू नका," म्हणाला. मला हसू आलं. कागदाचं मी उगाच विचारलं होतं. तुमच्या गाडीत तार जोडायला मला कागद लागणार नव्हता.

गाड्यांच्या वायरिंगचे इतर मिस्त्री लाल, पिवळी, हिरवी तार वापरायचे. तुमच्या हातून गेलेल्या गाडीत सगळी तार काळी. गिऱ्हाईक कधी दुसरीकडे गेलंच, तर तिथला माणूस बॉनेट उघडायचा, तो काळा गुंता बघायचा आणि बॉनेट परत लावायचा. "ज्यानं केलं त्याच्याकडंच न्या," म्हणायचा. मग ते गिऱ्हाईक मान खाली घालून तुमच्या दारात. त्या काळ्या जोड्यांत खूण एकच होती. दोनांतल्या एका तारेला टोकाजवळ बारीक गाठ असायची. ती करंटच्या तारेची की गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या तारेची, हे गॅरेजच्या सगळ्या गल्लीला हवं होतं. तुम्ही सांगत नव्हतात. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन दुकानात यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबायचे. तुम्ही मला तारेचं प्लास्टिक सोलायला द्यायचात, पाना ओळखायला लावायचात. कुठल्याही गाडीच्या तारेला हात लावायच्या आधी बल्ब लावून करंट बघायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. "डोळ्यानं दिसत न्हाई ते बल्बाला विचारायचं," म्हणायचात. गाठीचं मात्र मीही कधी विचारलं नव्हतं. मुलीला धंद्यातलं सगळं सांगत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझं लग्न ठरलं तो उन्हाळा. हीच जीप दुकानात उभी आहे, तुम्ही तिला समोरचे मोठे दिवे बसवताय. मी डबा ठेवून निघते तर तुम्ही हाक मारता. "इकडं ये. बस." मी चाकाशी बसते. तुम्ही दोन काळ्या तारा माझ्या तळहातावर ठेवता. "गाठ हाये ती करंटची. बिनगाठीची बॉडीला. समजलं का?" मी मान हलवते. "कोणाला सांगू नको. घरातली गोष्ट हाये." मी सवयीने बल्ब उचलते, तर तुम्ही म्हणता, बॅटरी चार्जिंगला लावली आहे, राहू दे. मी बल्ब खाली ठेवते. तळहाताला ग्रीस लागलेलं असतं. घरी जाऊन मी ते बराच वेळ धुतलं नाही.

लग्नात तुम्ही कपाट दिलंत, भांडी दिलीत. ती सासरची झाली. ही एक गोष्ट माझी होती. सासऱ्यांचं आष्टीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीतच होतं. त्यांनी एकदा जेवताना विचारलं, "सूनबाई, तुमच्या वडलांच्या गाठीची काय भानगड हाये हो?" मी भाकरी वाढत म्हटलं, मला काय ठाऊक, मी कधी दुकानात गेल्ते का. नवऱ्याने किती वेळा विचारलं. कधी चिडून, कधी लाडीगोडीने. त्यालाही सांगितलं नाही. "एवढं काय सोनं पुरलंय त्या गाठीत?" तो म्हणायचा. तो गेला तोही न कळताच गेला.

तर परवा. जाळीमागे तुमच्या जुन्या दिव्यांच्या काळ्या तारांची जोडी तशीच होती. फडक्याने पुसली तशी गाठ दिसली. नव्या दिव्यांच्या दोन्ही लाल तारा मी गाठीच्या तारेला जोडल्या, दोन्ही काळ्या बिनगाठीच्या तारेला. बल्ब लावून बघितला नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीला नक्की लावला असता. चिकटपट्टी नीट गुंडाळली, आत बसून बटण दाबलं. दिवे लागले नाहीत. जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि डाव्या दिव्यातून बारीक धूर निघाला. बॅटरीची तार ओढून काढली आणि धाकट्याला फोन लावला. तो आता संभाजीनगरला असतो, दुकान तुमच्यानंतर त्याने काही वर्षं चालवलं आणि बंद केलं.

"काय केलंस काय नेमकं?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"अगं ताई, उलटं केलंस. गाठ बॉडीला असती आपली. करंट बिनगाठीचा."

"करंट गाठीचा नाही?"

तो हसायला लागला. "ते तर बाहेरच्याला सांगायचं! तो रेडिएटरवाला चाचा आठवतो का? रोज दारात उभा. उस्ताद, ये गठान कायकू मारते तुम? शेवटी एक दिवशी अण्णांनी त्याला जवळ बसवलं. गाठ हाये ती करंटची म्हणले. कोणाला सांगू नको, घरातली गोष्ट हाये. चाचा इतका खूश, चहा घेऊन आल्ता. अन् दुसऱ्याच दिवशी एका मेटाडोरची वायरिंग जाळून बसला. अण्णा आठवडाभर हसून राह्यले. कोणी लैच मागं लागलं की मंग हेच सांगायचे."

मी फोन कानाला धरून बॉनेटला टेकून उभी होते. तुमचे शब्द त्याने जसेच्या तसे म्हटले होते. तेच, त्याच क्रमाने. तुम्ही माझ्यासाठी वेगळे शब्दसुद्धा शोधले नव्हते.

दोन दिवस मी तुमच्या बाजूने विचार केला. आष्टीच्या दुकानाची तुम्हाला धास्ती असेल. सासऱ्यांनी विचारलं तर नवी सून नाही कसं म्हणेल, असं वाटलं असेल. मग सांगायचंच नव्हतं. चाचा रोज विचारत होता, मी विचारलं नव्हतं. मी डबा ठेवून निघाले होते. तुम्ही हाक मारून बसवलंत, तारा हातावर ठेवल्यात आणि खोटं सांगितलंत. बॅटरी खरंच चार्जिंगला होती का, हेही आता मला विचारता येत नाही. मी हे बाहेर सांगेन असं तुम्हाला वाटलं होतं, की ही कधी तारेला हातच लावणार नाही, मग काय सांगितलं तरी चालेल, असं? यातलं कुठलं जास्त लागतं ते मला अजून ठरवता येत नाही. मी सांगितलं असतं तर सासऱ्यांच्या हातून कोणाची तरी गाडी जळाली असती आणि त्या घरात माझं तोंड काळं झालं असतं. याचा विचार तुम्ही केला होता का? मी सांगितलं नाही, एवढ्यानेच ते टळलं.

काल तारा उलटून जोडल्या. उजवा दिवा लागतो. डावा गेला.

फोन ठेवण्याआधी धाकटा म्हणाला होता, "पण तुला कसं ठाऊक न्हाई? तुला तर अण्णांनी सांगितलंच असंल खरं. तू लाडकी त्यांची."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच विसरले."

"वय झालं ताई तुझं," तो म्हणाला. बराच वेळ हसला. मीही हसले.

हे लिहून झालं की मी फाडणार आहे. कपाटात ठेवलं तर माझ्यामागे त्याच्या हाती लागेल. तुमची अब्रू राखायला मी त्याच्याशी खोटं बोलले, असं लिहायचं ठरवून बसले होते. ते खरं नाही, अण्णा. तो मला अजून घरातली समजतो. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.