पुसण्याआधी वाचून घेजो

प्रिय मामाजी,

आज सर्व्हरला न कोसळता दोन महिने झाले. रक्तपेढीत माझ्यासाठी समोसे आणले होते. 'सुनेनं सासऱ्याचं नाव राखलं' असं भाषणही झालं. मी समोसा तसाच ठेवला. नाव कसलं राखलं, हे मला एकटीला माहीत आहे. म्हणून घरी आल्या आल्या तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात आणि नेमका तुमच्या दहाव्याच्या दिवशी आपल्या पवनीच्या रक्तपेढीतला तो जुना युनिक्स सर्व्हर पडला. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तुम्ही तो सांभाळायला घेतलात, तेव्हापासून तो कधी पडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. मी तिथंच कामाला, म्हणून तो माझ्याकडे आला; मी रीस्टार्ट केला. अकरा दिवसांनी पुन्हा तेच! मग पुन्हा! सिकलसेलच्या आजारामुळे वरचेवर रक्त लागणाऱ्या लेकरांना ते कधी मिळणार, याचे मेसेज त्याच्यावरूनच गावोगावी जातात. 

काय काय नाही केलं मी! विजेवर संशय घेतला, यूपीएस बदलला. उकाड्यावर घेतला, एसी दुरुस्त करून घेतला. मेमरी काढून, पुसून परत बसवली. शेवटी एकदा पडल्या पडल्या डिस्क पाहिली, तर शंभर टक्के भरलेली! न पोचलेला मेसेज सर्व्हर पुन्हा पुन्हा पाठवून बघायचा आणि प्रत्येक प्रयत्न लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लिहून ठेवायचा. दहा-बारा दिवसांत लॉग फुगून जागाच संपायची.

खरं सांगू? तेव्हा मी तुमच्यावर चिडले. अख्खी हयात युनिक्सवर काढलेल्या माणसानं जुना लॉग आपोआप पुसणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहू नये? मीच लिहिली. सर्व्हर पडायचा थांबला आणि मी कॉलर ताठ करून हिंडू लागले.

मागच्या आठवड्यात दिघोरीचा एक माणूस नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. पोर पांढरीफटक पडली होती, कण्हत होती. रक्ताची तारीख कधीच उलटून गेली होती.

"मेसेज पाहून वेळेवर यायचं ना!" मी त्याच्यावरच ओरडले.

"मेसेज कोठचा, मॅडम? थो नंबर माह्या भावापाशी हाय, अन् थो गेला हैदराबादले कामाले, तिकडे नंबर बंदच राहते. आधी बाबूजी शेजारच्या दुकानात फोन करत होते. आता काहून नाई करत जी? आमी तं वाट पाहून राहिलो होतो."

तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. मला ते सांगवेना.

मुलगी वाचली, मामाजी! तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली. पण त्या दिवशी तिला वॉर्डात नेल्यावर मी सर्व्हरच्या खोलीत गेले आणि तुम्ही सर्व्हरला दिलेल्या जुन्या कमांड्सची नोंद काढून वाचली. दर आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला तुम्ही लॉग उघडलेला. न पोचलेले मेसेज वेगळे काढलेले. आणि दीड तासानं, तेवढं सगळं झाल्यावर, तो पुसलेला. न वाचता एकदाही नाही.

त्या दीड तासावरून तुम्हाला किती चिडवलं आम्ही! बाजाराची पिशवी घेऊन निघायचं, रक्तपेढीत बसून एसीची हवा खायची आणि उशिरा कोमेजलेली वांगी आणायची. मी एकदा विचारलं होतं, "मामाजी, स्क्रीनवर एवढं काय वाचता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुसण्याआधी वाचून घेजो, बेटा." मला वाटलं, म्हातारपणची सवय. पुढं काही विचारलंच नाही. का नाही विचारलं मी?

तुमची ती पिशवी अजून दाराच्या मागेच टांगलेली आहे. सासूबाई कुणाला धुऊ देत नाहीत. तिच्या आतल्या खिशात वही सापडली. 'एकोडी, किराणावाला, निरोप देतो.' 'दिघोरी, शेजारचं दुकान, सकाळी लावावा.' अशी पानंच्या पानं! इकडच्या घरांत एकच मोबाइल, तोही कामाला गेलेल्या माणसासोबत परगावी जाऊन बंद पडतो, हे सर्व्हरला कुठून कळणार? तुम्हाला कळलं होतं.

आणि माझी स्क्रिप्ट जवळजवळ दोन महिने नेमकी तीच नावं पुसत होती. सर्व्हर पडत होता तेव्हा निदान कोणीतरी लॉग उघडून बघायच्या नादाला लागलं होतं!

पण मामाजी, एका शब्दानं सांगायचं नाही? माझ्या डोक्यात शिरलं नाही, तर हाताला धरून शेजारी बसवायचं होतं. तुम्ही उगाच मला हुशार समजलात. हा राग माझा आहे, तो राहू द्या.

स्क्रिप्ट मी बदलली आहे. एकूण एक नावापुढे मी खूण केल्याशिवाय ती आता काहीच पुसत नाही. आज बाजाराचा दिवस होता. समोशांच्या आधी, अकराला, तुमच्या खुर्चीत वही घेऊन बसले आणि पहिला फोन दिघोरीच्या दुकानात लावला. दुकानदारानं मुलीच्या बापाला बोलावून आणलं.

"कोन जी?" त्यानं विचारलं.

"बाबूजींची सून बोलते. बाबूजी गेले, दादा. आता फोन मी करणार."

त्यानं दुकानदाराकडे कागद मागितल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "सांगा बाई. पेन घेतो."

दर बाजाराला हा फोन जाईल, मामाजी. वांगी दर वेळी कोमेजली तरी चालतील.

तुमची सून,
वैशाली