रविवारी बंद, बाकी दिवस उघडं

५ फेब्रुवारी, मंगळवार

जागं ठेवणार आहेत मला! कवटी उघडलेली आणि मी टक्क जागी. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. डॉक्टर एकेक ठिकाण तपासणार, मी बोलत राहायचं. मी चुकले की ते ठिकाण सोडून द्यायचं — म्हणजे तेवढी गाठ आतच राहणार.

"घाबरू नका, दुखत नाही," म्हणाले. दुखण्याचं कोण बोलतंय!

६ फेब्रुवारी

स्वतःचं नाव लिहून पाहिलं. रोंडा स्टकी. रोंडा स्टकी. बरोबर आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ॲलिसन भेटली. बोलणं तपासणारी. ॲरिझोनाची पोर, इंडियानातला पहिलाच हिवाळा, खोलीतसुद्धा मफलर. ऑपरेशनच्या वेळी तीच शेजारी बसणार. म्हणाली, "लहानपणापासून तोंडपाठ असलेलं काहीतरी आणा. विचारच करावा लागू नये असं."

प्रार्थना म्हणून पाहिली. तिसऱ्या ओळीला अडले — दर रविवारी चर्चला जाणारी मी! आणि मग आपोआप तोंडातून आलं: "ऑर्विल स्टकी कार्पेट! सकाळी सांगा, संध्याकाळी अनवाणी चाला!"

बाबांची जाहिरात. १९७८. आमच्या भागातल्या चॅनेलवर दुपारच्या सिनेमात लागायची. बाबा मामाचा ढगळ कोट घालून उभे, नजर कॅमेरा सोडून सगळीकडे. मागे पुठ्ठ्याचा राजवाडा. आणि मी, सहा वर्षांची, कार्पेटच्या गुंडाळीतून डोकं बाहेर काढून शेवटची ओळ ओरडते. तेव्हा सगळ्याच जाहिराती तशा असायच्या. जुन्या गाड्या विकणारा बकरी घेऊन यायचा, सोफेवाल्याची सासू बेसूर गायची. अभिनय एकालाही येत नव्हता, पण सगळे आपल्या ओळखीचे होते! किती भिकार, आणि किती गोड. डोळे भरून आले.

१० फेब्रुवारी, रविवार

वेंडेल आला. थोरला भाऊ. बाबांच्या हातचा जाहिरातीचा कागद शोधून आणलाय त्याने. वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

कागदावर माझी ओळ: "रविवारी बंद, बाकी सगळे दिवस उघडं!"

पण मी तसं म्हटलं नव्हतं! मी उलटं ओरडले होते — "रविवारी उघडं, बाकी सगळे दिवस बंद!" चॅनेलवाल्यांनी एकदाच चित्रीकरण करून दिलं होतं, चुकलं ते चुकलं. हिवाळाभर तेच लागत होतं. चर्च सुटलं की लोक ठेवणीतल्या कपड्यांत दुकानाचं दार वाजवायचे: "ऑर्विल, उघड की! पोरगी म्हणालीये!"

वेंडेल माझ्याकडे बघतच राहिला. "रोंडी, असं काही झालं नव्हतं गं."

"तू कुठे होतास? नौदलात, जहाजावर."

"बाबांनी पत्रात लिहिलं असतं की."

मग तो हळूच म्हणाला, "मागच्या आठवड्यात फ्रिजमध्ये ठेवायचं दूध तू मला ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंस."

१२ फेब्रुवारी

चॅनेलला फोन केला. बाई चांगली होती. म्हणाली, तेव्हाच्या टेपा पुसून पुन्हा वापरायचे, काही उरलेलं नाही.

जुन्या शेजारणीला विचारता येईल. फोन उचलला. ठेवला. ती नाही म्हणाली तर?

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

ॲलिसनला कागदावरचंच दिलं. वीस वेळा म्हटलं, वीसही वेळा बरोबर. तिने खूण केली.

भूल देणारा डॅरिलही भेटला. पन्नाशीचा. बोलण्यावरून आमच्याच भागातला. "जेवताय ना नीट?" एवढंच विचारलं त्याने. जाहिरात आठवते का, हे ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. भित्री आहे मी.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या.

वेंडेलने चिकन-नूडल्स केलं, बटाट्याच्या लगद्यावर वाढलं, अगदी आईसारखं. घास उतरेना. "बंद," तो म्हणत होता. "रविवारी बंद, रोंडी. विसरू नकोस."

मरायची भीती वाटते. पण ती दुसरी भीती त्याहून मोठी आहे. राजवाड्याचा बुरूज पडत होता म्हणून आई मागून तो धरून उभी होती — पडद्यावर तिची बोटं दिसायची. हे मला स्वच्छ आठवतं. तेही झालंच नसेल तर? मग माझ्याजवळ आहे तरी काय?

२४ फेब्रुवारी, रविवार

अक्षर वाकडंतिकडं आलंय. पण लिहितेय! गाठ सगळी निघाली.

ऑपरेशन चालू असताना जुनीच ओळ तोंडातून गेली — रविवारी उघडं! ॲलिसन म्हणाली, "चुकलं. थांबा." डॉक्टर थांबले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात डोक्यामागून डॅरिल हसला. "चुकलं कुठे? असंच आहे ते! आम्ही सगळी पोरं असंच ओरडायचो. अहो, ती गुंडाळीतली पोरगी तुम्ही?"

मला महिने म्हणायला लावले. सगळे बरोबर आले. त्याच जागी पुन्हा तपासलं, पुन्हा बरोबर. डॉक्टर पुढे गेले.

मी विचारलं, "बुरजाशी काही दिसायचं का हो?"

"बोटं," तो म्हणाला. "बाईची. आम्ही मोजायचो. चार."