परंपरा-अभ्यास मंडळाचा तहहयात अध्यक्ष

४ जून, रविवार
निवृत्तीनंतरचं काम सापडलं. समाज वाचवणे. विमा कचेरीत उभा जन्म लोकांचे क्लेम नाकारले, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची सवय आहे. जगाला आज नेमकी त्याचीच गरज आहे. जो उठतो तो काहीतरी बदलायला निघतो!

परंपरा-अभ्यास मंडळ स्थापन केलं. दर रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये. अभिजात ग्रंथ, राज्याचं तत्त्वज्ञान, सगळं कॉन्झर्व्हेटिव्ह दृष्टीने. तहहयात अध्यक्ष मी. निवडणूक घेतली नाही. निवडणुकीतून काय बाहेर येतं ते रोज पेपरात दिसतंच.

५ जून
ग्रंथ आणला. चांगला जाड आहे. ग्रंथकर्त्याला क्रांतीचा तिटकारा होता, म्हणजे आमचं जमेल. प्रस्तावना वाचली. म्हणजे प्रस्तावनेची सुरुवात. पुढचं साधारण लक्षात आलं. कचेरीतही फाईलचं पहिलं पान बघून निर्णय द्यायचो, एकही चुकला नाही. अपिलात फिरले ते वेगळं.

११ जून, रविवार
पहिली सभा. हजर: मेहुणा, खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण, समोरच्या बिल्डिंगमधला निवृत्त स्टेनो. शिवाय सौ., चहापुरती.

मेहुण्याचा आणि वाचनाचा छत्तीसचा आकडा. डॉक्टरीण आपण बोलत असताना आपले दात बघत बसते. स्टेनो तेवढा बरा, माझा शब्द न् शब्द टिपून घेत होता. असल्या मालातून समाज घडवायचा आहे!

विषय: अधिकार. घर असो, कचेरी असो, राज्य असो, शेवटचा शब्द एकाचाच हवा. डॉक्टरीण म्हणाली, पण ग्रंथात तिसऱ्या प्रकरणात याच्या बरोबर उलटं म्हटलंय. मी म्हटलं, भाषांतर भिकार आहे. ती म्हणाली, मी मूळ इंग्रजी वाचलंय.

मी चहा मागवला.

१४ जून
सौ. ग्रंथ वाचताना आढळली. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवून. कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, अहो, चहा देताना तुम्ही काय बोलत असता ते जरा कळावं. स्तुत्य आहे. अडलं तर विचार म्हटलं.

संध्याकाळपर्यंत काही विचारलं नाही. बिचारीला काहीच कळत नसणार.

१८ जून, रविवार
सौ. सभेत बोलली. ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सरळ बोलायलाच लागली. म्हणाली, हा ग्रंथ लिहिणारा माणूस बदल नको म्हणत नाही, घाई नको म्हणतो. आणि एकट्या माणसाच्या अकलेवर सगळं सोडू नका म्हणतो. एकटा माणूस चुकला तर त्याला सांगणार कोण?

स्टेनो भराभरा लिहायला लागला. सहज त्याच्या वहीत डोकावलो. माझ्या भाषणाच्या जागी बदक काढलेलं. चोच नीट रंगवलेली.

मेहुणा म्हणाला, ताई, तू इतके दिवस बोलली का नाहीस गं? ती म्हणाली, विचारलं कुणी?

उथळ माणसांना उथळच बोलणं भावतं. निर्णय: यापुढे चहा सभा संपल्यावर.

२० जून
ग्रंथ पुरा वाचायचा निश्चय. रोज पहाटे. उद्यापासून.

२१ जून
पहाटे उठलो. ग्रंथ सौ.च्या उशाशी होता. तिची झोपमोड नको म्हणून परत झोपलो. माणसाने कुटुंबासाठी किती त्याग करावा!

२५ जून, रविवार
बंड. डॉक्टरीण म्हणाली, अध्यक्ष आळीपाळीने करू या. मी परंपरेचा दाखला दिला. स्टेनो म्हणाला, कसली परंपरा साहेब, मंडळाला अजून महिना नाही झाला. मेहुणा हसला. माझ्या सोफ्यावर बसून!

मी स्पष्ट सांगितलं, हॉल माझा आहे, ज्याला पटत नसेल त्याने उठावं. सगळे उठले. वाटलं, आता माफी मागतील. चपला शोधत होते. सौ.सुद्धा.

तू कुठे निघालीस? तर म्हणाली, खाली, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. प्रकरण अर्धवट राहिलंय ना. मी म्हटलं, आणि चहा? ती म्हणाली, दूध फ्रिजमध्ये आहे.

२६ जून
झालं ते उत्तमच. फूट पडते ती मोठ्या चळवळीतच. मूळ मंडळ माझ्याकडे राहिलं आहे. सभासद कमी, पण मतभेद अजिबात नाहीत.

२ जुलै, रविवार
अधिकृत सभा. हजर: मी. भाषण रंगलं. मध्येमध्ये खालून हसण्याचे आवाज. राज्यशास्त्रात हसण्यासारखं काय असतं?

सौ. वर आली ती वेगळीच दिसत होती. लग्नानंतर सुरुवातीला सिनेमा बघून यायचो, तेव्हा जिना चढता चढता गोष्ट सांगायची, तशी. आज काय झालं विचारलं. अगदी रंगून सांगायला लागली. मी मध्येच तिची एक चूक सुधारली. ती थांबली. बरं, म्हणाली आणि आत गेली.

नंतर ग्रंथ उघडून पाहिलं. तिचंच बरोबर होतं. छपाईही अलीकडे वाईट असते.

९ जुलै, रविवार
खाली जाऊन आलो. केवळ पाहणीसाठी. वेटिंग रूम गच्च. नवे चेहरेही दिसले. सौ. मधोमध बसून मोठ्याने वाचत होती, आणि मेहुणा, ज्याला सिनेमाची पाटीही धड वाचवत नाही, तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. डॉक्टरीण म्हणाली, या ना काका, आत जागा नाही, बाहेरच्या बाकावर बसा, तिथे सगळं ऐकू येतं.

बसलो. सौ.ने वाचता वाचता एकदा इकडे पाहिलं. मी बाहेरचा पंखा बघत असल्यासारखं केलं.

तेवढ्यात गाल सुजलेला एक गृहस्थ येऊन शेजारी टेकला. रविवारीही लोकांचे दात दुखतात. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, फार त्रास होतोय का हो? मी म्हटलं, मी या मंडळाचा तहहयात अध्यक्ष आहे.

त्याने मान डोलावली. गालावरचा हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. म्हणाला, माझ्या आधी तुम्ही जा.