सिगरेट सुटली, हणमंतराव सुटेनात

बंगलोर,
१७ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप अण्णांच्या चरणी हयवदनचा दंडवत.

इकडे सगळं ठीक, म्हणजे राजलक्ष्मी ठीक आहे आणि मी जिवंत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? तुमची तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, म्हणून रागावला असाल. पण अण्णा, पत्र लिहायला बसलं की माणसाचा डावा हात मोकळा राहतो आणि माझा डावा हात एकतीस वर्षं कधी मोकळा राहिलेला नाही. आज त्यात बडीशेपेची पुडी धरून लिहितो आहे. होय, सिगरेट सोडली. आज बावन्नावा दिवस. पाठ थोपटायची घाई करू नका, आधी सगळं वाचा.

जूनमध्ये कचेरीचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागलं. शिपायाने न सांगता खुर्ची आणून ठेवली (हा शिपाई एरवी तीनदा हाक मारल्याशिवाय मान वर करत नाही, यावरून माझं तोंड कसं दिसत असेल ते समजा). डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि फक्त "रोज किती?" एवढंच विचारलं. मी निम्मा आकडा सांगितला, त्यांनी तो मनातल्या मनात दुप्पट केला. तेही मी पचवलं असतं. पण त्याच आठवड्यात म्हैसूरहून आमच्या संहिताचं पत्र आलं. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं, आणि पत्रात चार ओळी: "अप्पा, मला तिकडेच यायचं आहे. पण त्या वासात बाळाला ठेवणार नाही. नाहीतर सासूबाई इथेच करतील सगळं. तुम्ही ठरवा." जी पोर माझ्या रिकाम्या पाकिटांची घरं बांधत मोठी झाली, तिने हे लिहावं! राजलक्ष्मी ते पत्र दोन दिवस कनवटीला लावून फिरत होती. मी सोडली.

माझं मी सोडलं असतं हो. पण राजलक्ष्मीने परस्पर हणमंतरावांना सांगितलं. हे आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, निवृत्त हेडमास्तर. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सिगरेट सोडली आणि त्यानंतर दुसरं काही धरलेलं नाही. सोडणाऱ्यांनी सोडणाऱ्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं व्रत. पहिल्याच दिवशी पहाटे साडेपाचला त्यांचा फोन. "हयवदना, तल्लफ आली का?" अण्णा, मी झोपेत होतो. नव्हती आली. त्यांनी विचारलं आणि आली! तेव्हापासून रोज पहाटे साडेपाच, दुपारी कचेरीत, संध्याकाळी पुन्हा घरी. आठ वर्षं नंबर लावून टेलिफोन मिळवला तो यासाठी?

मंडळात तिसरा गुंडो. टायपिंगचा क्लास चालवतो, मनाने सोनं, पण आजवर अकरा वेळा सिगरेट सोडलेली. आम्ही तिघं रोज सहा वाजता कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसतो (दोन कॉफ्या तिघांत, त्यातही हणमंतरावांना स्वल्प जास्त). तिथे आळीपाळीने अनुभव सांगायचा. गुंडोने एकदा आपल्या शेवटच्या सिगरेटीचा अनुभव सांगितला. पोटभर जेवण झालेलं, क्लासला सुट्टी, पाय टेबलावर, खिडकीतून कोवळं ऊन, आणि पहिला झुरका छातीत कसा उतरत गेला ते त्याने इतक्या जीव ओतून सांगितलं की आम्ही तिघंही डोळे मिटून बसलो. डोळे उघडले तर वेटरने न मागता ॲशट्रे आणून ठेवलेला. याला म्हणायचं धीर!

तेविसाव्या दिवशी साहेबाने माझी एकच फाइल तीनदा परत पाठवली. मी सरळ खाली पानाच्या टपरीवर गेलो. टपरीवाला म्हणतो, "बेडा सार, हणमंतराव बैतारे." म्हणजे नको साहेब, हणमंतराव रागावतील! चौकशी केली तर या गृहस्थांनी माझं घर ते कचेरी या रस्त्यावरच्या एकूण एक टपरीवाल्याला माझं वर्णन देऊन ठेवलेलं. (टक्कल, चष्मा, घाईत असतो.) मी संतापलो, अर्धी रजा टाकली आणि जिथे हणमंतरावांची सत्ता चालत नाही अशा ठिकाणी जायचं म्हणून दोन बसेस बदलून थेट के. आर. पुरमला गेलो.

स्टेशनबाहेर टपरी होती, पेटता सुंभ लोंबत होता. मी एक मागितली, हातात घेतली, पेटवायला वाकलो, तर सुंभाच्या पलीकडून दुसरं डोकं वाकलेलं. गुंडो.

"चुलत्याला गाडीवर बसवायला आलो होतो," तो म्हणाला.

"सरी, बरं. मीही," मी म्हणालो. माझा कुठलाही चुलता हयात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग दोघं फलाटावरच्या बाकावर बसलो, हातात एकेक कोरी सिगरेट. तू आधी टाक, नाही तू आधी टाक, असं अर्धा तास चाललं. एक म्हातारा हमाल बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, ओढणार नसाल तर मला द्या. मी देणारच होतो. पण गुंडो उठला आणि त्या हमालाला फुप्फुसाची रचना समजावून सांगू लागला! न राहवून मीही उठलो आणि जिन्यावरच्या खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं, वर पत्ता देऊन संध्याकाळी कॉफीला यायचं आमंत्रण दिलं. हमाल हात जोडून मागे सरकला आणि डोक्यावर ओझं नसताना पळत सुटला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघंही हणमंतराव झालो होतो.

हसू आवरेना. हसता हसता गुंडोचा आवाज मात्र बदलला. म्हणाला, "हयवदना, मी इथे याआधी दोनदा आलोय. दोन्ही वेळा ओढली. आज तू दिसला नसतास तर तिसरी." मी त्याच्या हातातली घेतली, माझीसुद्धा तिच्यासोबत मोडली, आणि आम्ही घरी आलो. संध्याकाळी हणमंतरावांना सगळं सांगून टाकलं. आता दोन तास प्रवचन, अशी मनाची तयारी ठेवली होती. ते कॉफी ढवळत राहिले आणि म्हणाले, "मी यशवंतपूरला जायचो. पहिल्या वर्षात चौदा वेळा." आणि आपल्या वाट्याची कॉफी गुंडोपुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन होताच, त्यात खंड नाही.

गेल्या गुरुवारी संहिता आली. आल्या आल्या पडद्यांचा वास घेतला, गाद्यांचा घेतला, कपाट उघडून माझ्या शर्टांचा घेतला. मी आरोपीसारखा दारात उभा. मग तिने बॅग खाटेखाली सारली आणि म्हणाली, "अप्पा, कॉफी मिळेल का?" राजलक्ष्मी लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

एवढं सगळं खरं, पण अण्णा, या माणसांनी मला वैताग आणला आहे. वजन सात किलो वाढलं. लवंगांनी जीभ सोलवटली. घरात मला क्षणाचा एकांत नाही. ईश्वर शत्रूलाही असले हितचिंतक न देवो.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
हयवदन

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. कृष्णावहिनींचं पत्र राजलक्ष्मीला आलं आहे (त्यांना बोलू नका). तुमचा खोकला चार महिने हटत नाही, आणि तुम्ही रोज तीनदा गच्चीवर कबुतरं हाकलायला जाता म्हणे. अण्णा, धारवाडात एवढी कबुतरं नाहीत. तेव्हा शनिवारी सकाळच्या बसने मी, हणमंतराव आणि गुंडो तुमच्याकडे उतरतो आहोत. रजा आठ दिवसांची घेतली आहे. अंथरुणं तीन काढून ठेवायला सांगा.

आणखी एक : येऊ नका म्हणून तार करू नये, ती मला मिळणार नाही. आपले अप्पा, अम्मा गेले. माझ्याहून मोठं असं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. आणि मला एवढ्यात घरातला वडीलधारा व्हायचं नाही.