आभार मानण्याच्या कामातून सुटका करून पाणी तपासायला शिकवण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
होतकरू विद्यार्थी पगारी अनुभव योजना,
पाणी तपासणी प्रयोगशाळा.

विषय : प्रशिक्षणाच्या काळात थोडे प्रशिक्षणही मिळावे.
संदर्भ : आपले निवडपत्र. त्यातले “प्रत्यक्ष काम करत शिका” हे ठळक अक्षरांतले वाक्य.

महोदया,

मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आई शिवणकाम करते. माझ्यासारख्या मुलांना पोटासाठी दुसरीकडे न राबता शिकता यावे म्हणून आपण ही योजना काढलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. हे वाक्य मी आता झोपेतही बिनचूक म्हणते, कारण रुजू झाल्यापासून मला तेवढेच काम आहे.

१. पहिल्याच दिवशी देणगीदार पाहुणे आले. मला यंत्राशेजारी उभे करून हातात परीक्षानळी दिली. फोटोत पाणी उठून दिसत नाही म्हणून फोटोग्राफरने तीत स्वतःच्या बाटलीतले सरबत ओतले. मी त्या सरबताकडे गंभीरपणे पाहिले. योजनेत आजवर मी केलेली ही एकमेव तपासणी.

२. कोटाशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम आहे. माझ्या मापाचा कोट एकच आहे आणि तपासनीस काका बजावतात, “मळवू नकोस गं, पाहुण्यांसाठी इस्त्री करून ठेवलाय.” नियम आणि इस्त्री या दोघांनाही न दुखवता मी खुर्चीवर बसून असते.

३. पहिल्या विद्यावेतनातून मी बूट घेतले. आपल्या सहायक बाई म्हणाल्या, “पाहुणे येतील त्या दिवशी जुनी चप्पलच घाल. नाहीतर त्यांना वाटेल, हिला कशाला मदत?” गरिबीसुद्धा अशी जपून वापरायची असते, हे मला माहीत नव्हते. आता चप्पल कार्यालयाच्या कपाटातच ठेवते.

४. माझ्याबरोबर निवडलेल्या मुलाची आभाराच्या भाषणात बोबडी वळली, म्हणून त्याला आत प्रयोगशाळेत पाठवले. तो सगळ्या चाचण्या शिकला. मला त्याचा मनापासून हेवा वाटतो. पुढच्या सभेत मीही मुद्दाम अडखळून पाहिले, तर आपण डोळे पुसलेत आणि म्हणालात, “किती आतून बोलते पोर!” त्यानंतर माझी भाषणे वाढली.

इथवरचे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण गेल्या आठवड्यापासून आमच्या इमारतीच्या नळाला वास येतो आहे. ताईचा लहानगा उलट्यांनी पार गळून गेला आहे. आई शेजारणींना अभिमानाने म्हणाली, “आमची पोर पाण्याच्याच ऑफिसात आहे, सांगेल ती.” संध्याकाळी दारात बाटल्यांची रांग लागली. मला तपासता येत नाही, असे मी खरे ते सांगितले. शेजारची काकू बाटली उचलून म्हणाली, “शिकली ना, आता आपल्यासाठी हिला वेळ कुठला!” मला रडू आवरले नाही.

तपासनीस काकांना बाटली तपासण्याची विनंती केली. बाहेरचा नमुना घ्यायला आपली सही लागते आणि आपण उद्याच्या समारंभाच्या गडबडीत आहात, असे कळले.

तरी विनंती अशी : उद्या मी कोट घालीन, जुनी चप्पल घालीन, सांगाल तितके आभार मानीन आणि अडखळणारही नाही. त्या बदल्यात पाहुणे गेल्यावर मला यंत्रापाशी बसवून ही एक बाटली तपासायला शिकवावे. कोट मळला तर घरी धुऊन आणीन. मात्र त्याआधी पाणी कसे आहे ते कळायला हवे.

अजूनही आपल्यावर विश्वास असलेली,
(सही)
प्रशिक्षणार्थी, पाणी तपासणी
दिनांक : समारंभाची पूर्वसंध्या

सोबत : घरच्या नळाचे पाणी, एक बाटली. दिसायला स्वच्छ आहे, म्हणून उद्या चुकून पाहुण्यांच्या टेबलावर ठेवू नये.