शिष्टमंडळातला पेशंट

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघे सुखरूप आहोत (या वाक्याबद्दल पुढे थोडं लिहायचं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून केली). तुझे गुडघे कसे आहेत? शेकायची पिशवी सापडत नसेल तर ती माळ्यावर आहे. मीच टाकली. का टाकली ते आता आठवत नाही.

हातात फोन असताना हा कार्टा पत्र कसलं लिहितो, असं तू म्हणशील. पण फोन लावला की काका शेजारीच असतात. ते तो माझ्या हातून घेतात, स्पीकरवर टाकतात, आणि मग तुम्ही दोघं पाण्याच्या टाकीवरून जे सुरू होता ते माझा पॅक संपेपर्यंत. म्हणून हे पत्र दातवाल्यांच्या हाती देतोय. दातवाले म्हणजे दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या बनवणारे, आमच्याच शिष्टमंडळातले. त्यांच्या खुर्च्या आल्या आल्या खपल्या, त्यामुळे ते उद्या परत निघालेत. माणूस चांगला आहे, फक्त बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतो.

हे शिष्टमंडळ म्हणजे काय ते तुला काकांनी नीट सांगितलं नसणार. दवाखान्यात लागणारी यंत्रं बनवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या छोट्या कंपन्या एकत्र करून परदेशी विकायला नेतात, तो जथा. एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी टेबलं मांडायची, आणि इथले इस्पितळवाले लग्नाला मुली बघितल्यासारखे हिंडत बघतात. जथ्याचे एक प्रमुख आहेत, त्यांना बिल्ल्यांचं फार. बिल्ला गळ्यात नसेल तर ते सख्ख्या भावालाही ओळखणार नाहीत. माझ्या बिल्ल्यावर ‘वैद्यकीय सहयोगी’ असं छापलंय. बारावीला जीवशास्त्रात माझं काय झालं ते तुला माहीत आहे, बिल्ल्याला नाही.

प्रत्यक्षात माझं काम एकच: पेशंट व्हायचं. काकांचं यंत्र (ज्याला तू तुझी सवत म्हणतेस ते) उघड्या छातीशिवाय दाखवता येत नाही. छातीवर एक पट्टी चिकटवायची, ती वायर नसताना हृदयाचे ठोके पडद्यावर पाठवते, आणि ठोक्यांत काही वाकडं असलं की पडद्याची कड लाल होते. मी शर्टाची बटणं सोडून स्टुलावर बसायचं आणि काकांनी शेजारी उभं राहून आपल्या त्या इंग्रजीत समजावून सांगायचं. एकदा दातवाल्यांनीही मला उसना नेला, खुर्चीत झोपवायला. खरंच झोपलो. गिऱ्हाईक म्हणे त्यावरच खूश झालं.

काकांची मात्र गंमत चालली नव्हती. तुला ते सांगत नाहीत, पण या दौऱ्यात एखादं इस्पितळ गळाला लागलं नाही तर कारखान्याला कुलूप लागणार आणि ते मामाच्या मोटरपंपांच्या दुकानात गल्ल्यावर बसणार. मामा आतापासूनच खुर्ची पुसून ठेवतोय, असं काका विमानात म्हणाले. मी खिडकीतून ढग बघत होतो. (वरून ढग अगदी पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखे दिसतात. विमान चालवणं शिकायला किती शिक्षण लागतं, कुणाला विचारशील का?)

पहिल्या दिवशी माझं हृदय पडद्यावर इतकं सुरेख चाललं की मलाच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. काकांनी त्यासाठी टाय बांधला. मला चहा आणायला पाठवलं. वाटेत एका बोळात एक म्हातारा जुनी घड्याळं दुरुस्त करत बसलेला दिसला. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला, पण त्याने एक बारीक स्प्रिंग माझ्या हातात ठेवली आणि मी ती बसवली. पहिल्या फटक्यात! मावशी, हे काम मला जमेल असं वाटतं. तर चहा गार घेऊन पोचलो तेव्हा बाई येऊन उभ्या होत्या आणि काका माझ्याकडे असे बघत होते की त्या नजरेनेच चहा गरम व्हावा.

पटकन पट्टी चिकटवली, बसलो. आणि पडद्याची कड लाल झाली. रेघ कधी उडी मारते, कधी अडखळते, जशी दारूच्या दुकानातून परतणारी सायकल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि काकांना विचारलं की हा मुलगा आजारी आहे का. काका म्हणाले, यंत्र चुकत नाही. तसं हे वाक्य ते रोजच म्हणतात, पण या वेळी ते माझ्याविरुद्ध होतं.

बाई म्हणाल्या, मग माझ्या इस्पितळात चला, आमच्या यंत्रावर तपासू. म्हणजे बघ पेच कसा. मी आजारी निघालो तर काकांचं यंत्र खरं, ठणठणीत निघालो तर काका मामाच्या गल्ल्यावर. सगळं शिष्टमंडळ माझ्या आजाराच्या बाजूने उभं राहिलं. एकाचं यंत्र खोटं ठरलं की सगळ्यांच्याच मालाकडे लोक संशयाने बघणार ना. प्रमुखांनी माझा बिल्ला स्वतःच्या हाताने सरळ केला. दातवाल्यांनी पाठीवर थाप मारून धीर दिला, “घाबरू नको रे, काहीतरी निघेलच!”

टॅक्सीत काकांनी विचारलं, “छातीत दुखतं का रे?” हो म्हटलं तर त्यांना बरं वाटेल की नाही म्हटलं तर, ते काही कळेना. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तसं.” त्यावर त्यांनी माझा हात धरला आणि इस्पितळ येईपर्यंत सोडला नाही. मी लहान होतो तेव्हाही त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता, कानच धरायचे.

इस्पितळात मला आडवा केला, पळवला, पुन्हा आडवा केला. सगळं साफ. असलं हृदय विकत मिळत नाही, असं तिथला तपासनीस खुणेने म्हणाला. काकांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला, अगदी मनापासून. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते हळूच भिंतीजवळच्या बाकावर बसले. बाई म्हणाल्या, चांगल्या पोराला आजारी ठरवणारं यंत्र मी माझ्या वॉर्डात कसं लावू?

पण तू काळजी करू नकोस, शेवट गोड झाला. त्याच संध्याकाळी कळलं की घोटाळा पट्ट्यांचा होता, यंत्राचा नव्हता. बाई स्वतः परत आल्या, आणि आता त्यांच्या एका वॉर्डात काकांची यंत्रं चाचणीला लागणार आहेत. जमलं तर पुढे सगळ्या इस्पितळात. मामाला म्हणावं, खुर्ची दुसऱ्या कुणाला दे.

घरच्यांना नमस्कार. माझ्याबद्दल चांगलं बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही. बाकीच्यांना सांग, परदेशात आहे.

तुझा,
भिंगरी (तूच ठेवलेलं नाव, आता तूच निस्तर)

ता. क. मावशी, आता ते ‘सुखरूप’वालं लिहितो. पाणी पिऊन वाच.

त्या संध्याकाळी हॉल रिकामा होता. मी पट्टी ओढून काढली, टेबलाच्या कडेला चिकटवली, आणि बघतो तर पडद्यावर माझं हृदय चालूच! आधी वाटलं, मी गेलो. मग स्वतःला चिमटा काढला. तेवढ्यात काका खोकं उचलून जिना चढून आले, तशी रेघ उधळली. ते खुर्चीत टेकले, पाणी प्यायले, तशी थोडी निवळली. मी उठून म्हटलं, “काका, शर्ट काढा.” ते म्हणाले, “शुद्धीवर आहेस ना?” मी बटणांनाच हात घातला. आत पट्टी!

अगं, ते रोज सकाळी यंत्र आधी स्वतःवर लावून बघतात, आचारी आमटीची चव घेतो तसं. काढताना छातीवरचे केस उपटतात आणि पट्टीही वाया जाते, म्हणून ती आंघोळीपर्यंत तशीच ठेवतात. आणि पडदा जी पट्टी आधी सापडेल तीच धरून बसतो. दोन्ही दिवस लोकांनी बघितलं ते काकांचं हृदय होतं, पहिल्या दिवशी सरळ, दुसऱ्या दिवशी बिथरलेलं. मी नुसताच उघडा बसलो होतो.

मीच बाईंना फोन केला. त्या आल्या, काकांना इस्पितळात नेऊन आपल्या यंत्रावर झोपवलं, रेघ हुबेहूब तीच. बाईंनी यंत्राची तारीफ केली आणि त्याच दमात गोळ्या लिहून दिल्या. आजच सुरू करा, म्हणाल्या, वेळेवर सापडलंय. काका ऐकेनात. अजून दोन शहरं बाकी आहेत, गोळ्यांनी ठोके सरळ झाले तर पडद्यावर लाल काय दाखवू, म्हणतात. माझ्याऐवजी आता स्टुलावर स्वतःच बसतात! गिऱ्हाईकं वाढली आहेत. गोळ्यांचं पाकीट माझ्या पिशवीत आहे, न फोडलेलं.

मी ओरडलो तर म्हणतात, वैद्यकीय सहयोगी, तुम्ही चहा आणा. ते जगात एका तुलाच भितात. पत्र मिळताच फोन कर आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकला तर टाकू दे.

ता. क. दुसरा. मघाशी पत्राचं पाकीट चिकटवायला घेतलं, तेवढ्यात काकांनी पाहिलं. वाचलं नाही. म्हणाले, “मावशीला लिहितोयस तर कळव, मी एकदम ठणठणीत आहे म्हणून.” तर कळवतो: काका ठणठणीत आहेत, असं काकांचं म्हणणं आहे. यंत्राचं म्हणणं वेगळं आहे. फोनवर त्यांना एवढंच विचार, दोघांपैकी कोण चुकतंय? ते यंत्राला खोटं म्हणायचे नाहीत, मावशी. मी गोळी काढून, पाण्याचा ग्लास भरूनच ठेवतो.